बायकांच्या मिश्रीचं कुणी विचारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्हा पानावर नेहमीप्रमाणे फोटो आले. शाळेतल्या मुलांची प्रभातफेरी होती, तहसील कचेरीपुढे कर्मचाऱ्यांनी घेतलेली शपथ होती, सिगारेटवर लाल फुली मारलेला फलक होता. बातम्याही सगळ्या वाचल्या. गुटखा होता, मावा होता, कॉलेजच्या पोरांच्या हातातली ई-सिगारेटसुद्धा होती. मिश्री कुठेच नव्हती. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण शक्यतो कापू नये अशी विनंती.

मी पाटण तालुक्यात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं, लसीकरण, गोळ्यावाटप यातच माझी नोकरी गेली. सिगारेट ओढणारी बाई या भागात मी पाहिली नाही. मिश्री न लावणारी चाळिशीपुढची बाई मात्र शोधावी लागायची.

शहरातल्या वाचकांपैकी अनेकांनी मिश्री पाहिली नसेल. कोकणात हिलाच मशेरी म्हणतात. तंबाखूची सुकी पानं तव्यावर नाहीतर खापरात टाकून मंद जाळावर भाजायची. आधी ती तांबूस होतात, मग काळी पडतात, आणि त्या वेळी घरात असा ठसका उठतो की पोरं डोळे चोळत अंगणात पळतात. शेजारणीला न सांगता कळतं की आज हिच्याकडे मिश्री भाजतायत. काळी झालेली पानं तळहातावर चोळायची, फडक्यातून गाळायची आणि पूड डबीत भरायची. ती डबी कनवटीला जाते. सकाळी उठल्याबरोबर चुलीपुढे बसून तर्जनीवर चिमूट घेतात, हिरड्यांवरून फिरवतात आणि मग तोंडात तशीच धरून ठेवतात. बोट फिरवायला दोन मिनिटं पुरतात, तोंडात ती अर्धा अर्धा तास असते. तेवढ्या वेळात केर निघतो, चूल पेटते, गोठा झाडून होतो, आणि बाई तोंड मिटून हूं हूं करूनच सगळ्यांना उत्तरं देत असते. आता तयार मिश्रीच्या पुड्याही किराणा दुकानात मिळतात, त्यामुळे भाजण्याचा त्रास वाचला आहे. लावणं थांबलेलं नाही.

याला सगळे दात घासणं म्हणतात. दात दिवसातून एकदा, फार तर दोनदा घासले जातात. मिश्री पहाटे लागते, न्याहारीनंतर लागते, भांगलण करताना दुपारी बांधावर लागते, संध्याकाळी चूल पेटवताना आणि निजतानाही लागते. डबी घरी विसरली तर बाई अर्ध्या वाटेतून माघारी येते. एखादा दिवस मिळाली नाही तर डोकं धरतं, हातापायातलं बळ जातं, पोरांवर हात उठतो. "लावल्याबिगार परसाकडं हुईत न्हाई ओ बाई," हे तर मी घरोघरी ऐकलं, आणि ते खरंच असतं. निकोटिनने आतड्याला चालना मिळते. वर्षानुवर्षं त्याची सवय लागली की त्याच्याशिवाय पोट हलत नाही. हे व्यसन नाही तर दुसरं काय आहे?

पण विचारायला गेलं की कुणी कबूल होत नाही. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की साठीची आजी सरळ सांगते, "आमी न्हाई खात तंबाखू-बिंबाखू, निस्ती मिश्री लावती." ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी तंबाखू खातात ते पुरुष, चुन्याची डबी खिशात ठेवून. आपल्या फॉर्मवर मात्र तिच्या नावापुढे 'नाही' पडतं आणि वरच्या कचेरीत गेलेल्या तक्त्यात ती निर्व्यसनी ठरते. मी पुढे प्रश्नच बदलला होता. आधी दात कशाने घासता असं विचारायचे, आणि लगेच पुढे, दिवसातून किती वेळा. दुसऱ्या प्रश्नाला बाई हसली की समजायचं.

ही आमच्या एका खोऱ्याची गोष्ट आहे असं कुणाला वाटेल, पण तसं नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात लाखभर लोकांच्या तोंडाची मोठी पाहणी झाली होती. तिच्यात ३९ टक्के बायका मिश्री लावणाऱ्या निघाल्या. पुरुषांत हे प्रमाण एक टक्कासुद्धा नव्हतं. अलीकडचं बघायचं तर २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं आढळलं. आपल्याकडे ओढणाऱ्या बायका जवळजवळ नाहीतच, म्हणजे हा सगळा तंबाखू तोंडात जातो आहे. पश्चिम महाराष्ट्रात तो मिश्री म्हणून जातो, कोकणात मशेरी म्हणून, पूर्व विदर्भात गुडाखू म्हणून (तंबाखू आणि गुळाचा लगदा), काही ठिकाणी दातांना तपकीर लावतात. मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत या सगळ्या एकत्र नांदतात.

बायका याकडे वळतात कशा, तेही सांगायला हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल की अडाणी आहेत, दुसरं काय. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला, माथाडी कामात. मागे राहते ती सून, म्हातारी सासू, दोन-तीन पोरं आणि डोंगरउताराची शेती. पहाटे पाणी, मग गोठा, मग रान, येताना डोक्यावर लाकडाचा भारा. पोटात दुपारपर्यंत चहाशिवाय काही नसतं. मिश्रीने भूक मरते, तोंडाला झिणझिण्या येतात, अंगाला जरा तरतरी येते. ऊसतोडीच्या फडावर कोयता चालवणाऱ्या बायकांना विचारा, त्याही हेच सांगतील. काहीजणींची दाढ दुखते, दाताचा डॉक्टर तालुक्याला, मग मिश्री दाबून धरायची. बऱ्याच मुलींना ही सवय घरातच लागते, कारण आजीची मिश्री भाजून द्यायचं काम नातीकडे असतं. आणि काहींना ती लागते पहिल्या गरोदरपणात. उलट्यांनी हैराण झालेल्या पोरीला कुणीतरी मायेनेच म्हणतं, "जरा मिश्री लाव, तोंडाला चव येईल." नेमक्या ज्या महिन्यांत हे विष पोटात जायला नको, त्याच महिन्यांत त्याची सुरुवात होते.

एका वाडीवरची सून मला आठवते. तिचं पहिलं मूल आठव्या महिन्यात झालं आणि गेलं. दुसरं दीड किलोचं. ते वाचलं, पण कसं वाचलं ते त्या घरालाच ठाऊक. तिसऱ्या खेपेला ती उपकेंद्रात आली तेव्हा डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक होत्या. रक्तवाढीच्या तांबड्या गोळ्या घेते म्हणाली. जेवण विचारलं तर भूकच नाही म्हणाली. तोंड उघडायला लावलं. खालच्या हिरड्या काळ्या, दातांपासून सुटलेल्या, आणि आतल्या बाजूला मिश्रीचा थर अजून ओला होता. दिवसातून पाच-सहा वेळा लावत होती. तिच्यासोबत सासू आली होती. मी बोलायला लागले तशी सासू म्हणाली, "मी सात पोरं काढली मिश्री लावून. काय झालं?"

मी विचारलं, "आत्या, सातातली जगली किती?"

"चार," ती म्हणाली.

त्या चार-तीनच्या हिशेबात सगळा दोष मिश्रीचा होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. त्या काळात धनुर्वात होता, गोवर होता, दवाखाना नव्हता. पण सासूला सोडून सुनेशी बोलण्यात अर्थ नव्हता हे मला माहीत होतं, कारण डबी दोघींची एकच होती. दोघींना एकदमच सांगितलं की आधी दुपारची बंद करायची, मग न्याहारीनंतरची, पहाटेची सगळ्यात शेवटी. पहाटे उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी प्यायचं. तोंड मागायला लागलं की भाजलेली बडीशेप नाहीतर ओवा धरायचा. पहिले चार-पाच दिवस सुनेचं डोकं भयंकर दुखलं, ती चिडून दोनदा माझ्यावरच ओरडली. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, भाकरी जास्त लागायला लागली. बाळ झालं ते दोन किलो सहाशे ग्रॅमचं. सासूने पुढे पुन्हा लावायला सुरुवात केली. सुनेने केली नाही.

एका बाळंतपणावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण यावर मोठा अभ्यास मुंबईतच झालेला आहे. बाराशेहून जास्त गरोदर बायकांचा तो अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तंबाखू घेणाऱ्यांत मिश्री लावणाऱ्याच जास्त होत्या. तंबाखू घेणाऱ्यांची बाळं इतर बायकांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस लवकर जन्मली. पुढे याच पाहणीतून असंही दिसलं की त्यांच्यात मेलेलं मूल जन्माला येण्याचा धोका अडीच पटींच्या घरात होता. १०५ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. झोळीच्या काट्यावर बाळ टांगून वजन घेतलेल्या कुणालाही विचारा. दोन किलो सहाशेचं होणारं बाळ त्याने अडीच किलोच्या खाली येतं, म्हणजे कमी वजनाच्या बाळांच्या यादीत जातं. तिथून पुढे त्याला दूध ओढता येत नाही, अंग गार पडतं, सर्दी छातीत उतरते. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, वारेतून बाळाला मिळणारं रक्त कमी होतं. निकोटिन बाळापर्यंत पोचतं आणि जन्मानंतर आईच्या दुधातूनही जातं. आईला आधीच रक्त कमी, वर मिश्रीने भूक मारलेली. या बाईला आपण फक्त तांबड्या गोळ्या देतो आणि त्या घेतल्या का एवढंच विचारतो.

कॅन्सरचं वेगळं सांगायला नको. धूर न होणाऱ्या तंबाखूने तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे. मिश्री तर भाजलेली असते, म्हणजे तंबाखूच्या मूळ विषात जळण्यातून तयार होणारी विषं आणखी मिसळतात. मी पाहिलेलं एक प्रकरण सांगते. पन्नाशीची बाई, खालची दाढ दुखते म्हणून तिथेच मिश्री दाबून धरायची. बधिर व्हायचं, बरं वाटायचं. असं वर्षभर चाललं. दाढ हलली म्हणून गावातच काढून घेतली, जखम भरेना, त्यावर पुन्हा मिश्री. मुंबईत परळच्या दवाखान्यात पोचली तेव्हा जबड्याचं हाड काढावं लागलं. तिचं ऑपरेशन नीट झालं, माणसंही चांगली होती. पण त्यानंतर ती कुणाच्या लग्नाला गेली नाही, हळदीकुंकवाला गेली नाही, पदर तोंडावर धरूनच बसायची. वर्षभरात गेली. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काहीही दिसलं की दाखवायला जायचं, हे तिला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. कारण तिच्या नावापुढेही तंबाखू 'नाही' असंच लिहिलेलं असणार.

आता कायद्याचं. १९९२ मध्ये केंद्र सरकारने औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी केली. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये न्यायालयानेही बंदी उचलून धरली. म्हणजे तंबाखूने दात घासू नयेत हे या देशाने तीस वर्षांपूर्वीच ठरवलं आहे. मग मिश्री चालते कशी? तर ती दंतमंजन म्हणून विकलीच जात नाही, तंबाखू म्हणून विकली जाते. राज्याने २०१२ मध्ये गुटखाबंदी केली, ती अन्नसुरक्षा कायद्याखाली, त्यात साधा तंबाखू बसत नाही. सिगारेट आणि तंबाखू उत्पादनांच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा हवा, पण घरात भाजलेल्या मिश्रीला पाकीटच नाही, आणि आठवडी बाजारात तागडीवर तोलून दिलेल्या पानांवर इशारा कुठे छापणार? शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायचा नाही. त्या शाळेतली मुलगी घरी जाऊन आजीसाठी तवा तापवते.

मला बंदी नको आहे. घरातल्या चुलीवर बंदी चालवायला कोण येणार, आणि बंदी आलीच तर पोलिसांची वर्दी त्या म्हातारीच्याच दारात येणार. मला हवं आहे ते आरोग्य खात्याकडून, आणि त्यातलं बरंचसं बिनपैशाचं आहे. गरोदर बाईची पहिली नोंद होते त्याच दिवशी तिला मिश्रीचं, मशेरीचं, गुडाखूचं, तपकिरीचं नाव घेऊन विचारा आणि दिवसातून किती वेळा ते तिच्या कार्डावर लिहा. रक्तदाब आणि वजन जसं प्रत्येक खेपेला लिहितो तसंच हेही प्रत्येक खेपेला लिहा. लिहिलेलं असलं की पुढच्या महिन्यात विचारावं लागतं, आणि विचारणारं कुणी आहे एवढ्यानेच निम्म्या बायका कमी करतात, हा माझा अनुभव आहे. तिशीपुढच्या सगळ्यांच्या तपासणीत तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आहेच. पण टॉर्च लावून गालाच्या आत, जिभेखाली आणि खालच्या हिरडीच्या मागे बघितलं पाहिजे, नुसता फॉर्म भरून चालणार नाही. आमच्या समुदाय आरोग्य अधिकारी मुली हुशार आहेत, त्या हे सहज करतील, त्यांच्यावरचं ऑनलाइन नोंदींचं ओझं जरा हलकं केलं तर. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे आणि ती चांगली आहे. पण वाडीवरच्या बाईचा मोबाईल दिवसभर पोराच्या हातात असतो, आणि ती अनोळखी माणसाला फोन करून मिश्रीबद्दल बोलेल ही आशा व्यर्थ आहे. तिच्याशी बोलायला आशाताईच लागेल. आशाताईला मात्र त्याचं प्रशिक्षण हवं, त्याचा मोबदला हवा. आणि ती स्वतः मिश्री लावत असेल तर आधी तिला सोडायला मदत हवी. असं असतं, त्यात तिला लाज वाटावी असं काही नाही.

दारूबद्दल या बायकांनी काय केलं ते आपल्या वर्तमानपत्रानेच छापलं आहे. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं, हा नियम आहे. सातारा जिल्ह्यातल्या बायकांनी तो मोठ्या हिमतीने वापरला आहे. नवऱ्याशी, सरपंचाशी, दुकानदाराशी भांडून त्या मतदानाला उतरल्या. त्यांच्यातल्या कित्येकींच्या कनवटीला तेव्हाही मिश्रीची डबी होती. त्याबद्दल त्यांना बोल लावायचा माझा हेतू नाही. दारूने घर मोडतं, मार बसतो, ते सगळ्या गावाला दिसतं आणि त्यावर सगळा गाव बोलतो. मिश्रीने कुणाला मार बसत नाही, पगार उडत नाही, कुणाची झोपमोड होत नाही. झिजते ती एकटी बाई, आणि तिच्या पोटातलं मूल. म्हणूनच त्याची कुणाला घाई नाही. पण ज्या बचत गटांनी दारूचं दुकान हलवलं, त्यांच्या बैठकीत महिन्यातून एकदा कुणी जाणकार बाईने येऊन मिश्रीवर बोललं तर त्या ऐकतील, एवढं मी खात्रीने सांगते. एकेकटीला सोडायला सांगून होत नाही. सासू, सून, जाऊ, शेजारीण अशा चारजणींनी मिळून एकाच दिवशी सुरुवात केली तर टिकतं.

आपल्याला एक विनंती. पुढच्या ३१ मेला आपला वार्ताहर प्रभातफेरीला जाऊ दे, पण त्याच आठवड्यात त्याला एखाद्या उपकेंद्रातल्या गरोदर मातांच्या तपासणीलाही पाठवा. शक्यतो महिला वार्ताहर पाठवा, म्हणजे बायका बोलतील. तिथे किती जणींच्या कार्डावर मिश्रीची नोंद आहे ते बघायला सांगा आणि जो आकडा निघेल तो छापा. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला त्यावर उत्तर द्यावं लागेल.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. पाटण, जि. सातारा